वीजघराच्या पाइपात कोणीच शिरलं नव्हतं

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण इतका राग दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याचा आला नाही. त्यातला थोडा राग माझा माझ्यावरच आहे, म्हणून हे लिहितो आहे.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत एक धरण आणि त्याच्या पायथ्याशी खासगी मालकीचं छोटं वीजघर. वीसेक वर्षं चालू असलेलं. धरणातलं पाणी माणूस आत उभा राहील एवढ्या लोखंडी पाइपातून खाली यायचं, यंत्र फिरवायचं आणि नदीला मिळायचं. एका सकाळी हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदाराने निरोप दिला, पाइप फुटला, ऑपरेटर गेला.

आम्ही पोहोचलो तोवर वरून पाणी तोडलं होतं. मृतदेह कुंपणाच्या जाळीला अडकला होता. मॅनेजरने आमच्यासाठी चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं, "साहेब, त्यानं व्हॉल्व्ह एकदम बंद केला. पाण्याचा दणका बसला आणि पाइप फाटला. कितीदा समजावलं होतं त्याला." त्याच्याकडचे कागद नीट लावलेले होते. मी पंचनामा केला, फोटो काढून घेतले, आकस्मिक मृत्यूची नोंद केली आणि दुपारी घरी जेवायला गेलो. मेलेल्या माणसावर दोष टाकणं सगळ्यात सोपं असतं, तो उलटून बोलत नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर हे मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको भावाला घेऊन ठाण्यात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"साहेब, तुमी काय लिवलंय त्ये मला वाचून दावा."

मी वाचून दाखवलं.

"खोटं हाय ह्ये. चार म्हैनं झालं, त्यो रोज सांगायचा, पाइपाच्या जोडाजवळ पाणी पाझरतंय म्हणून. मॅनेजर म्हणायचा, पावणं बघून जाऊ देत, मग करू."

"कुठले पाहुणे?"

"पॉवर हाऊस इकत घ्यायला आलते त्ये. आनि ह्यो तितं खुणा करत हुता की. बोटाला पांढरा रंग लावून यायचा घरला. तुमाला दिसल्या न्हाईत?"

तिच्यासमोरच मी पंचनाम्याचे फोटो बाहेर काढले. फाटलेल्या पत्र्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचं अर्धं वर्तुळ होतं. त्याच्या बाहेर दुसरं, त्याच्या बाहेर तिसरं, अशी पाच. प्रत्येकाजवळ बारीक अक्षरात तारीख. ओल जशी पसरत गेली तशी त्या माणसाने पाइपावरच तिची नोंद केली होती. त्या पाइपाजवळ मी अर्धा तास उभा होतो, आणि मला ते रंगाचे डाग वाटले होते.

वीजघर विकत घेऊ पाहणारे गृहस्थ शिरोली एमआयडीसीतले. त्यांची फौंड्री होती. मी तिथे गेलो तेव्हा ते मोकळेपणाने बोलले. "भट्ट्यांना वीज लागती साहेब. नवं वीजघर बांधायचं म्हटलं तर परवानग्या काढण्यातच दहा वर्षं जातील. चालू घेतलं की पहिल्या दिवसापासून वीज. तरी आम्ही डोळे झाकून घेत नव्हतो, रीतसर तपासणी करून घेतली." त्यांनी जाडजूड अहवाल पुढे ठेवला.

"तपासणारा अभियंता कुणी सुचवला?"

"मालकांनीच. म्हटलं, त्यांना या धंद्यातली माणसं माहीत असणार."

अहवाल मी दोनदा वाचला. वर्षाला किती वीज निघते, धरणात किती महिने पाणी असतं, सरकारशी झालेला करार किती वर्षं उरला आहे, यंत्रं किती झिजली आहेत, सगळं होतं. एका पानावर लिहिलं होतं की दोन दिवस वीजघर बंद ठेवून, पाइप रिकामा करून, आत उतरून पत्र्याची जाडी मोजली, आणि पाइप पुढची पंधरा वर्षं निर्धोक आहे. ते दोन दिवस ऑपरेटरच्या तिसऱ्या वर्तुळानंतरचे होते.

धरणावर पाटबंधारे खात्याचा एक कर्मचारी होता, निवृत्तीला आलेला. धरणाच्या दरवाजांचं रजिस्टर त्याच्या ताब्यात. मी त्या दोन तारखा सांगितल्या. त्याने चष्मा लावला, पान काढलं आणि बोट ठेवलं.

"पाइपात शिरायचं तर वरनं पाणी तोडाय पायजे. आनि तोडायचं काम माझं. ह्या दोन दिवसांत दरवाजा हलवलाच न्हाई मी. शेताला पाणी सोडलं हुतं, सगळं त्याच पाइपातनं चाललं हुतं."

वीजघराच्या रजिस्टरात मात्र ते दोन दिवस बंद दाखवले होते. नीट पाहिलं तर चार महिन्यांच्या नोंदी एकाच पेनने, एकाच हाताने, कोऱ्या वहीत उतरवलेल्या. मूळ वही नाहीशी झाली होती. मी दोन्ही रजिस्टरं जप्त केली.

अभियंत्याला चौकशीला बोलावलं. उच्चशिक्षित माणूस, शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. पाण्याच्या दाबावर तो पाऊण तास बोलला. मी बोलू दिलं. खोटं बोलणारा माणूस मोठ्या प्रश्नांची तयारी करून येतो, बारीकसारीक गोष्टींची नाही.

"पाइपात उतरताना झाकण कोणी उघडलं?"

"कामगारांनी."

"किती जण होते? बोल्ट किती होते?"

"आठवत नाही."

"आत शेवाळ असेल. पायात काय होतं तुमच्या?"

मी धरणावरचं रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. त्याने पाणी मागितलं. मग सांगितलं की मालकाला वीजघर बंद ठेवायचं नव्हतं. दोन दिवस वीज थांबली तर त्या महिन्याचे आकडे पडले असते आणि पाइपाचं दुखणंही बाहेर आलं असतं.

"मग जाडीचे आकडे आणले कुठून?"

"पाइप बसवतानाच्या जुन्या नकाशावरून. त्यातून थोडी झीज वजा केली, म्हणजे खरं वाटेल."

नोकरीत मी कुणावर हात उचलला नाही. त्या दिवशी उठून बाहेर गेलो आणि नळाखाली डोकं धरलं.

मालकाला आणलं त्याआधीच मला वरून दोन फोन आले होते. तो पाय पसरून बसला. "साहेब, जुनी गाडी विकताना टायर गुळगुळीत झालाय हे कोण सांगतंय का? घेणाऱ्यानं बघावं."

"टायरखाली माणूस होता," मी म्हणालो. मालक, मॅनेजर आणि अभियंता, तिघांवर गुन्हा दाखल केला आणि अटक केली.

दोषारोपपत्राची तयारी चालू असताना फौंड्रीवाले ठाण्यात आले, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. "देवाची कृपा साहेब. महिनाभर उशिरा फुटला असता तर सगळं माझ्या गळ्यात आलं असतं. वाचलो." पुरवणी जबाबासाठी आलेली ऑपरेटरची बायको शेजारच्या बाकावर होती, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. ती उठून त्यांच्यासमोर आली.

"पावणं, तुमी बघायला आलतासा तवा माझ्या माणसानं तुमाला सगळं फिरवून दावलं. त्येला इचारलंसा का, पाइप कसा हाय म्हणून?"

त्यांनी पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला. "नाही सुचलं, ताई."

मी पेढे परत न्यायला सांगितले.

त्यांनी त्या वीजघरात सगळं तपासलं होतं, यंत्राशेजारी वीस वर्षं उभ्या असलेल्या माणसाला सोडून. मीही तेच केलं होतं. या तपासाने मला शिकवलं ते एवढंच. त्यानंतर कुठल्याही अपघाताच्या जागी मी आधी सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला बाजूला घेतलं आणि साहेब लोकांना थांबायला लावलं.

खटला अजून चालू आहे, तिघेही जामिनावर आहेत. माझी साक्ष झाली. मालकाच्या वकिलांनी विचारलं, "पहिली नोंद तुम्हीच अपघाताची केलीत, मग ती खोटी होती का?" मी म्हणालो, "खोटी नव्हती. आळशी होती." न्यायाधीशांनी तसंच लिहून घेतलं.

आता मला कोर्टात कोणी बोलावत नाही. तरी प्रत्येक तारखेला मी जातो. ती बाई एसटीने येते. आम्ही दोघं एका बाकावर बसतो, मालकाने मान वर केली की त्याला आम्हीच दिसू, अशा जागी.