पेंडीच्या दुकानातला कॉम्प्युटर

लक्ष्मीपुरीत आमचं पेंडीचं दुकान हाय. तिथं वजनकाट्याशेजारी एक जुना कॉम्प्युटर ठेवलाय. बंद हाय, पण ठेवलाय. भंगारवाला येता-जाता विचारतो, "अण्णा, देताय काय?" मी त्याला येता-जाता शिव्या घालतो. खंडेनवमीला काट्याच्या आधी त्याला विभूती लागती, कारण माझ्या धाकट्या बहिणीचं, पवित्राचं, सगळं त्याच्यावर उभं राहिलंय.

आता तिचं हापिस ताराबाई पार्कात हाय. फौंड्र्या, सूतगिरण्या, दूध संघ, कुणाचा माल कुठनं आला, कुठं अडकला, कुठं गेला, ते सगळं सांभाळणारी सॉफ्टवेअर ती करून देती. मोठमोठे मालक 'मॅडम' म्हणत्यात. मी तिथं गेलो की काचेच्या दारात अवघडल्यागत हुतं. माझ्या डोळ्यांसमोर ती अजून सरकीच्या पोत्यावर मांडी घालून बसल्याली असती, केसांत भुसा आणि नजर कॉम्प्युटरात. ते दिवस लई आठवत्यात. खरं सांगतो, मला तीच पवित्रा आवडायची.

दुकानात कुठली पेंड कुठल्या गावाला गेली, गोदामात काय उरलं, हे सगळं तिनं कॉम्प्युटरात बसवलंतं. बी.एस्सी. झालती, बाकीचं आपलं आपण शिकली. आमचे आप्पा, म्हणजे वडील बसलिंगाप्पा, पोती उचलणाऱ्या हमालाला कामाचा माणूस म्हणायचे आणि पवित्राच्या कामाला खेळ. "पोरीचा खेळ चाललाय, चालू द्या." तिला ते लागायचं.

मग तिनं कंपन्यांची दारं धरली. शिरोली झालं, गोकुळ शिरगाव झालं. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "आधी कुणाकडं काम केलंय?" घरी येऊन म्हणायची, "अण्णा, काम दिल्याशिवाय अनुभव कुठनं आणू? आणि अनुभव न्हाय म्हणून कोण काम देईना."

मी म्हटलं, "पवायला आल्याशिवाय रंकाळ्यात उतरू नको म्हणत्यात की हे. डोक्यावर पडल्यात सगळे."

शेवटी शिरोलीतले एक फौंड्रीवाले, सयाजीराव, भेटले. त्यांनीबी तेच विचारलं. पेंडीच्या दुकानाचं नाव सांगायची लाज वाटली म्हणून सांगितलं न्हाय, असं पवित्रा मला नंतर म्हणाली. सयाजीराव तोंडानं फटकळ, पण माणूस दिलदार. म्हणाले, "अनुभव न्हाय, पण धमक दिसती. दसऱ्याला सकाळी माझी मुहूर्ताची गाडी सुटती. तिच्या मालाचं चलन तुझ्या सॉफ्टवेअरनं काढून दाव. निघालं तर आख्ख्या फौंड्रीचं काम तुझं. न्हाय निघालं तर पुन्हा या दारात यायचं न्हाय."

पवित्रानं जीव ओतला. फौंड्रीनं नवा कॉम्प्युटर घेतलता, त्यात सगळं बसवून, चलन काढून बघून आली. आणि मधी आली खंडेनवमी.

तिथं आकाराम मिस्त्री म्हणून एक भक्तिवान माणूस हुता. त्यानं लेथ धुतली, साचे पुसले, सगळ्या हत्यारांची पूजा मांडली. नवा कॉम्प्युटर म्हणजे मानाचा. त्याच्यासमोर नारळ फोडून पाणी त्याच्यावरच सोडलं. दसऱ्याला सकाळी त्याचा फोन, "ताई, पूजा एक नंबर झालीया. पण आता ते चालूच हुईना बघा."

ते सॉफ्टवेअर दुसरीकडं एकाच ठिकाणी हुतं, आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरात. आणि तो काट्याशेजारी पूजेत बसलाता.

आमच्यात पूजेतलं हत्यार दसऱ्याचं सोनं संध्याकाळी लुटून आल्याशिवाय हलवत न्हाईत. आप्पा तर यात लई कडक. एकदा खंडेनवमीला एक गवळी आला, म्हशी उपाशी हायत म्हणाला. आप्पांनी पेंडीचं आख्खं पोतं त्याला तसंच देऊन टाकलं, पण काट्याला हात लावला न्हाय. हे सगळ्या लक्ष्मीपुरीला ठाऊक. त्यामुळं एरवी गल्ली डोक्यावर घेणारा मी, त्या दिवशी मूग गिळून बसलो.

पवित्रा दुकानाच्या दारात उभी राहून हार घातलेल्या कॉम्प्युटरकडं बघत हुती. म्हणाली, "जाऊ दे अण्णा. पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष कसलं येतंय, ते तिलाबी कळत हुतं आणि मलाबी.

आप्पा आतनं आले. विचारलं, "काय झालं गं?" मी सांगितलं. आप्पा कॉम्प्युटरसमोर आले. हात जोडले. मग वायरी गुंडाळल्या आणि हारासकट तो उचलला.

"आप्पा, पूजेतलं हाय ते," मी म्हटलं.

"पूजा कशासाठी करत्यात? कामासाठीच न्हवं? टेम्पो काढ. बोलत काय बसलाईस."

आप्पा मागं बसले, कॉम्प्युटर मांडीवर, लेकराला धरल्यागत. पंचगंगेच्या पुलावर धक्का बसला की मागनं आवाज, "हळू की, मुडद्या."

फौंड्रीत गाडी सजवून उभी. सयाजीराव येरझाऱ्या घालत हुते. मी कॉम्प्युटर आत नेऊन टेबलावर ठेवला तसा त्यातनं भुसा सांडला. पवित्रानं वायरी जोडल्या. मग प्रिंटर कुरकुरला, चलन बाहेर आलं, ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि मुहूर्ताची गाडी फाटकातनं बाहेर पडली.

आप्पा आत आलेच न्हाईत. धोतर, टोपी, कपाळाला विभूती, दारातच उभे. सयाजीरावांनी विचारलं, "हे कोण?"

मला वाटलं, आमचे आप्पा म्हणंल. पवित्रानं ओढणीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "हे माझे आधीचे मालक. तुम्ही विचारलं हुतं न्हवं, कुणाकडं काम केलंय? यांच्याकडं केलंय. पेंडीचं दुकान हाय."

सयाजीराव हसले न्हाईत. आप्पांकडं वळून म्हणाले, "काय पावणं, कशी हाय पोरगी कामाला?"

आप्पांनी टोपी काढली, परत घातली. खेळ म्हणणारा माणूस तो. म्हणाले, "कामाला लई चांगली हाय. आमचं दुकान तिच्यावरच चालतंय. सोडायला जिवावर येतंय, पण न्या."

पुढं पवित्राचं लग्न झालं. पाठवणीला आम्ही सगळे ढसाढसा रडलो, आप्पांच्या डोळ्यात टिपूस न्हाय. मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "माझं रडून झालंय की. शिरोलीस्नं येताना, टेम्पोत."