गळाची काठी

कॅनडातून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. सॅमन माशासाठी तो दुकानात गळाची काठी निवडत होता. "बाबा, कुठली घेऊ?"

मला अंजूरच्या खाडीकाठचं बांबूचं बेट आठवलं. नवीन लग्न झालं होतं. चिखलाचा खारट वास येत होता. गळासाठी मी जाड बांबू धरला, तशी सुमन हसली. "अवो, मासा लागला तं हाताला कळनार न्हाय." तिने बारीक, लवचिक काठी मला दिली आणि टोक धरून हळूच ओढलं. "लागला काय?"

तेव्हा मला नुसतं हसू आलं होतं. सुमन गेल्यापासून ती हलकी ओढ हाताला आठवत राहते.

"बारीक घे," मी म्हणालो. "कुणाला तरी टोक ओढायला सांग."

"एकटाच आलोय, बाबा."