काजीची राखण आणि हॉकीची उजवी बाजू

काजी धरल्या, म्हणजे काजूची झाडं फळली, की मी बागेत राखणीला बसते. हातात काठी, बाजूला पत्र्याचा डबा, माकडं आली की बडवायला. मागे मुलगा रोज संध्याकाळी विचारायचा, "आये, आज किती माकडां हाकललंस?" मी म्हणायची, "एक पण नाय." तर हसायचा, "मगे दिसभर थंय बसान काय केलंस?" एक दिवस मी मुद्दाम घरी राहिले. संध्याकाळी झाडाखाली अर्धेमुर्धे चावलेले बोंडू, काजूची फळं, पसरलेले. मग विचारायचा थांबला.

हे आधी सांगितलं, कारण गोष्ट खरं तर माझ्या नातीची. ती शाळेकडून हॉकी खेळते, मागच्या फळीत, उजव्या बाजूला. जिल्ह्याच्या संघाची निवड होती, म्हणून तिच्याबरोबर मी गेले. सकाळचा सामना झाल्यावर निवड करणाऱ्या सरांनी मोबाईलवर आकडे दाखवले. कोणी किती बॉल अडवले, किती हिसकावून घेतले. नातीचे सगळ्यांत कमी. नळावर तोंड धुता धुता ती म्हणाली, "आजये, माका घेवचे नाय."

आता मला हॉकीतलं काही कळत नाही, पण राखण कळते. सकाळभर मी बघत होते ना. समोरची पोरगी बॉल घेऊन धावत यायची, ही वाकून उभी दिसली की मैदानाच्या दुसऱ्या बाजूला वळायची. दर वेळी. मी सरळ सरांकडे गेले.

"सर, हिला बघून बॉल हिच्या बाजूला आलाच नाही, ते कुठे लिहिलंय?"

"आजी, त्याला रकाना नाही."

"मग दुपारी हिला थोडा वेळ बाहेर बसवून बघा."

नातीने माझा पदर ओढला. "आजये, गप रव गो. होता नव्हता ता पण घालवतलंस."

सरांनी खरंच बसवलं, तिच्या जागी दुसरी पोरगी घेतली. ती माझ्याकडे पाठ करून बाकावर बसली. मी मनात म्हटलं, काय करून बसले मी. पण समोरच्या पोरींना नातीच्या बाजूची मोकळी वाट लगेच सापडली. एक गोल झाला. दुसरा थोडक्यात चुकला. सरांनी मोबाईल खिशात टाकला आणि हाताने खूण करून नातीला आत पाठवलं. पुढे शेवटपर्यंत त्या बाजूला काहीच घडलं नाही. ते काहीच न घडणं मी डोळे भरून बघितलं.

यादीत तिचं नाव आलं. एसटीत तिने हॉकीची काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाली, "आयतवारी काजीत मी बसतंय. तू घराक रव."

बसली पण. संध्याकाळी मुलाच्या तोंडून जुना प्रश्न निघालाच, "किती माकडां हाकललंस गो?"

"एक पण नाय," ती म्हणाली, आणि डबा खुंटीला लावून ताठ मानेने आत गेली.