सत्तेचाळीस अंशांचं पत्रक

बाळकुमला आमच्या रस्त्यावरची जुनी झाडं बिल्डरच्या सोयीच्या रुंदीकरणात जाणार होती. दुसऱ्या दिवशी महापालिकेत सुनावणी, आणि माझं पत्रक तयार: ‘नागरिकहो, सत्तेचाळीस अंशांत शिजायचंय का?’ आकडा मनाचा नव्हता. विठ्ठलवाडीच्या मावशीकडून परतताना आईच्या गाडीच्या पडद्यावर, बाहेरचं तापमान म्हणून, मी स्वतः वाचलेला.

आईने पत्रक वाचून चष्मा काढला.

“ऑक्टोबरात सत्तेचाळीस? अगं, ठाण्यात राहतो आपण.”

“गाडी खोटं बोलते का? तुम्हाला फक्त बिल्डरचंच खरं वाटतं!”

“बिल्डरला सोड. उद्या कुणी विचारलं, कशावरून, तर गाडी आत नेशील?”

मी भडकले. भडकणं हे माझं कामच आहे. पण चपला घालून तिच्या मागे पार्किंगमध्ये गेले.

सावलीत उभी असलेली गाडी तिने नुसती चालू केली. पडद्यावर एकतीस. मग माजिवड्याच्या सिग्नलला रांगेत अडकलो, तर छत्तीस, बघता बघता बेचाळीस.

“गार असताना खरं बोलते, तापली की चढते,” आई म्हणाली. “इंजिनाची धग लागतेय तिला. कधीपासून हे?”

“दसऱ्यापासून,” मी म्हणाले, आणि दोघींना एकदम तोरण आठवलं.

आमच्याकडे गाडीचं तोरण काढत नाहीत, ते आपोआप गळायचं. परत येऊन इंजिन निवू दिलं आणि पुढच्या जाळीत टॉर्च मारला. वाळलेल्या झेंडूमागे बोटाच्या पेराएवढा सेन्सर होता, बाहेरची हवा मोजणारा. सुतळी अडकवायला आईला सापडलेला छान हूक तो हाच! घट्ट ओढल्यावर तो खोबणीतून निसटून थेट रेडिएटरला टेकला होता.

“वाटेत पडू नये म्हणून दोन गाठी मारल्या गं मी,” म्हणत ती हसत सुटली. “आणि तू निघालीस जनतेला शिजवायला!”

सुतळी कापली, सेन्सर जागेवर दाबून बसवला. पुन्हा तोच सिग्नल, तीच रांग. आकडा बत्तिसावरून हलेना.

पत्रकातला सत्तेचाळीस मी खोडला तेव्हा जीव तुटला, खोटं कशाला सांगू. आईने गॅलरीतला थर्मामीटर काढला आणि आम्ही झाडांखाली मोजलं, मग पुढे झाडं तोडलेल्या पट्ट्यात मोजलं. तेच दोन आकडे छापले. “याने कोण पेटणार?” मी कुरकुरले.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, “हे मोजलं कशाने?” मी पर्समधून थर्मामीटर काढून टेबलावर ठेवला. कुणी हसलं नाही. जागेवर पाहणी होईपर्यंत कुऱ्हाड लावायची नाही, असं ठरलं.

माझ्या घोषणांना टाळ्या देणारे पुष्कळ आहेत, त्यांचेही आभार. पण त्या दुपारी आईने टाळी दिली असती, तर दुसऱ्या दिवशी झाडांची बाजू माझ्याच तोंडाने बुडाली असती. पाहणीला तीच अधिकाऱ्यांना उन्हातून सावलीत फिरवत होती, आणि मी गप्प राहून थर्मामीटर धरला होता.