ताकातली गोळी

मंडळी, कुणी हसू नका. आज पुन्हा पोट धरून घरी आलेय.

सहा महिन्यांत दोन डॉक्टर झाले. दोघांनीही पोट दाबून पाहिलं अन् ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या. गारखेड्यातला तिसरा डॉक्टर पहिल्यांदा म्हणाला, "पोटात जंतू असतील. तपासल्याशिवाय औषध देणार नाही. आणि तपासणीआधी चौदा दिवस ही गोळी बंद. नाहीतर जंतू असूनही रिपोर्टमध्ये दिसत नाहीत."

चौदा दिवस मऊ भातावर काढले. पोटात नुसती आग, पण गोळीला हात लावला नाही.

आज लॅबमध्ये सिस्टरनं विचारलं, "गोळी कधी बंद केली?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेली आई म्हणाली, "काल मीच दिली की, कुटून ताकातून. म्हटलं, रिपोर्ट तरी चांगला येईल."

सिस्टरनं कागद परत केला. आजपासून पुन्हा पहिला दिवस.

रिक्षात आई पाठीवरून हात फिरवत होती. "लई दुखतंय का गं? घरी गेल्यावर ताक देते."

आता तुम्हीच सांगा, हे चौदा दिवस मी जेवू कुठं?