जत्रेच्या दिवशीची हजेरी

अपेक्षा पहिल्यांदा आमच्या गेटवर आली, त्या सकाळी मी तिला स्पष्ट सांगितलं होतं की मुलाखतीला आलेल्यांनी सरळ ऑफिसात जायचं. ती गेली नाही. कामासाठी आलेल्या बायकांची रांग लागली होती, तिच्या शेवटी जाऊन उभी राहिली. बराच वेळ त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि मग सावकाश ऑफिसात गेली. मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, आता या कारखान्याचं गेट सांभाळतो. सांगितलेलं न ऐकणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. याच पोरीला मोटरसायकलवर मागं बसवून गावोगाव हिंडायची वेळ माझ्यावर येणार आहे, असं त्या दिवशी कोणी म्हणालं असतं, तर त्याला मी गेटच्या आत घेतलं नसतं.

आमचा कारखाना साताऱ्याच्या एमआयडीसीत आहे. पाचगणीकडची स्ट्रॉबेरी इथं येते. तिचे देठ काढायचे, धुवायची, गोठवायची आणि पुढं पाठवायची. देठ काढायचं काम सगळं बायकांचं. आसपासच्या गावांतून त्या कंपनीच्या बसनं येतात, आणि त्यांच्या हातावरच कारखाना चालतो. हात थांबले की फळ थांबत नाही, ते सडायला लागतं.

अपेक्षा आली होती अकाउंट्सच्या जागेसाठी. वडूजच्या कॉलेजात बी.कॉम. झालेली, गाव तिथून आणखी पलीकडं, खटावच्या कोरड्या पट्ट्यात. वडील हरिबा आजही मेंढरं राखतात आणि पाऊस झालाच तर थोडी ज्वारी पेरतात. अकाउंट्सची जागा आदल्याच दिवशी भरली होती. पण आमचा एचआरचा माणूस नुकताच पुण्याला पळाला होता, आणि कारखान्याचे मॅनेजर वीरधवलसाहेब त्या खुर्चीत बसवायला कोणी मिळेना म्हणून वैतागले होते. साहेब सांगलीकडचे, उसाच्या मळ्यात वाढलेले. टंचाई म्हणून काही असते हे त्यांना पहिल्यांदा या कारखान्यात समजलं.

माणसं सांभाळायचा काही अनुभव आहे का, असं त्यांनी विचारलं. ही म्हणाली, नोकरीतला नाही. पण आमची मेंढरं खतासाठी लोकांच्या शेतात बसतात. कुणाच्या रानात बसायचं, किती दिवस, बदल्यात धान्य किती, हे सगळं ठरवावं लागतं. वडील अबोल आहेत, त्यामुळं शाळेत असल्यापासून ते बोलणं मीच करत आले. आजवर एकाही शेतकऱ्यानं आम्हाला रानातून हाकललेलं नाही. साहेबांना गंमत वाटली. त्यांनी सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. नंतर पाहू, म्हणाले.

हरिबांचंही तेच म्हणणं होतं. घरी एक स्थळ येऊन थांबलं होतं. सहा महिन्यांत नोकरी पक्की झाली तर राहा, नाहीतर परत ये, मग आम्ही ठरवू ते. म्हणजे पोरीचं पुढचं आयुष्य आमच्या साहेबांच्या सहीवर अडकलेलं. ती हे मला जेवणाच्या सुट्टीत अशा सुरात सांगायची, जसं काही दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

सुरुवातीला तिला काही म्हणजे काही येत नव्हतं. पी.एफ. कुठून कापतात, ओव्हरटाइम कसा धरतात, नोटीस कुणाला आणि कधी द्यायची, सगळा अंधार. पण न येण्याची तिला लाज वाटायची नाही, हे मी पाहिलं. डबा खाताना समोर कामगार कायद्याचं पुस्तक असायचं. जुन्या हिशेबनीसाला विचारून विचारून तिनं जेरीस आणलं. आणि आठवड्यातून दोनदा ऑफिसच्या गाडीऐवजी बायकांच्या बसमधून जायची. दोन महिन्यांत तिची 'मॅडम'ची 'अपेक्षाताई' झाली, आणि आधीच्या माणसाच्या काळात धूळ खात पडलेल्या तक्रारी एकेक करून मिटल्या. मला तिच्या हट्टीपणाचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. बहुतेक वेळा दोन्ही एकदम.

मग जत्रांचा हंगाम आला.

आमच्या भागात एकेका गावाची जत्रा एकेका दिवशी. आज हे गाव, परवा ते. आणि नेमकं त्याच दिवसांत हंगाम संपत आल्यामुळं पाचगणीकडून सगळ्यात जास्त फळ कारखान्यात येतं. आधीचा एचआरवाला जत्रेला रजा द्यायचाच नाही. त्यामुळं बायका मागायच्याच नाहीत. सकाळी फोन यायचा, पोट दुखतंय. एकदम इतक्या पोटांत दुखायचं की साथ आलीय असं वाटावं. गेल्या वर्षी अशाच एका दिवशी ट्रकभर फळ फेकावं लागलं होतं. साहेबांनी अपेक्षाला बजावलं, यंदा जत्रेपायी काम थांबलं नाही, तर तुझी नोकरी पक्की.

तिनं सरळ रस्ता धरला. बायकांना जमवून सांगितलं की लपवाछपवी नको, ज्या गावची जत्रा त्या गावच्या सगळ्यांना रजा मिळेल, बाकीच्या गावांनी त्या दिवशी भार उचलायचा. बायका खूश. कोणती बस कोणत्या गावातून किती जणी आणते यावरून तिनं सगळा हंगाम मांडला. साहेबांनाही पटलं. मलाही पटलं, आणि मी तर याच मातीतला, जत्रेतल्या कुस्त्यांवर वाढलेला. तरी डोक्यात आलं नाही.

पहिली मोठी जत्रा आली. त्या गावच्या बायका रजेवर, ठरल्याप्रमाणे. पण सकाळी बाकीच्या गावांच्या बस आल्या, त्याही निम्म्या रिकाम्या. मी दारात उभा राहून आत डोकावत होतो, ड्रायव्हर खांदे उडवत होता. दुपारपर्यंत क्रेटवर क्रेट चढले, संध्याकाळी आंबूस वास गेटपर्यंत आला. अपेक्षा स्वतः टोपी घालून देठ काढायला बसली होती. एकट्या बाईनं काय होतंय?

दुसऱ्या दिवशी साहेब भडकले. रजा नसताना गैरहजर राहिलेल्यांतल्या ज्या पुढारी बायका, त्यांना काढून टाकायचं ठरवलं. पत्रं टाइप करून तयार. त्यात पहिलं नाव रंगुबाईचं, जिच्या टेबलावरचं काम सगळ्यात स्वच्छ. सही एचआरची हवी होती. मी काही कामानं तिथंच उभा होतो.

अपेक्षा म्हणाली, "मी सही करणार नाही, साहेब. त्या का गेल्या हे मला अजून माहीत नाही. ते कळेपर्यंत चूक माझी धरा."

साहेब म्हणाले, ठीक, तुझीच धरतो. पंधरा दिवसांनी याहून मोठी जत्रा आहे. त्या दिवशी काम थांबलं तर ही पत्रंही जातील आणि त्यांच्याबरोबर तूही. पत्रं त्यांनी आपल्या खणात ठेवली.

बाहेर आल्यावर मी तिला समजावलं की सही करून मोकळी हो, नाहीतर तुझं घर तुझी वाट बघतंय त्या स्थळासकट. ती म्हणाली, "काका, रंगुबाईचं गाव माहीत आहे ना? गाडी काढता का?" पंचवीस वर्षं मी हुकूम पाळण्यात घालवली. गाडी काढली.

रंगुबाईला पत्राचं काही माहीत नव्हतं, आणि अपेक्षानं सांगितलंही नाही. फक्त विचारलं, तुमच्या गावची जत्रा नव्हती, मग आला का नाहीत? रंगुबाई खाली मान घालून म्हणाली, "माझ्या म्हायेरची हुती की ताई. भाऊ न्यायला आला."

आणि मग आमच्या दोघांच्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं पोरी देतात त्या पाच-दहा कोसांच्या आतच. एका गावच्या लेकी आजूबाजूच्या सगळ्या गावांत नांदतात. जत्रा एका गावची, पण त्या दिवशी माहेरवाशिणी सगळ्या गावांतून निघतात. अपेक्षानं बस मोजल्या होत्या, माहेरं मोजली नव्हती. अजून लग्न न झालेली पोर, तिला स्वतःची जत्रा सोडून जायला दुसरं गाव कुठं होतं? मला मात्र बायको आहे, दोन बहिणी आहेत. मी काय डोळे मिटून जगलो कोण जाणे.

मग आधी रजा का मागितली नाही, असं तिनं विचारलं. रंगुबाई हसली. "मागू कशी? सासू धाडणार का न्हाई, ते आदल्या सांजंला कळतंय. कवा कवा तर भाऊ दारात आल्यावर. आधीच रजा मागितली आन् घरात कळलं, तर म्हंत्याल, हिनं आमाला न इचारता ठरवलं. मग तर अजिबातच धाडत न्हाईत."

परतीच्या वाटेवर मला वाटलं, हरली. गेटवर उतरताना म्हणाली, रजा ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडेच जायला पाहिजे. मी विचारलं, म्हणजे कुणाकडं? म्हणाली, सासवांकडं.

पुढचे दहा-बारा दिवस आम्ही काम सुटल्यावर हेच केलं. आधी बसमध्ये एकेकीला माहेर विचारून घ्यायची, मग तिच्या सासरी. माझं काम गाडी चालवायचं आणि ओट्यावर बसून घरातल्या म्हाताऱ्यांशी फौजेच्या गोष्टी करायचं. दोन घरांनी दारातूनच वाटेला लावलं. एका सासऱ्यानं कारखान्याचा उद्धार केला, तो तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

ही मोठी जत्रा रंगुबाईच्या आजोळची, तिथंही भाऊ तिला न्यायला येणार होता. पण सगळ्यात अवघड तिची सासू. बयाबाई. गावातल्या निम्म्या सासवा तिच्या तोंडाकडं बघून चालतात. ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती. अपेक्षा तिच्या पाया पडली, शेजारी टेकली, सुपातला एक गड्डा उचलून सोलायला लागली आणि मुद्द्यावर आली.

"आमच्या घरातली सून धाडायची का न्हाई, हे कारखाना इचारणार व्हय?" बयाबाईनं विचारलं.

"व्हय," अपेक्षा म्हणाली. "तुमी धाडा न्हाईतर ठेवा, ते तुमचं. पण मला आधी कळलं तर मी रजा लावीन. आदल्या सांजंला कळलं, तर दुसरं माणूस कुठनं आणू? मग बोल तुमच्या सुनंला लागतोय."

बयाबाईनं हातातला लसूण सुपात टाकला. मग म्हणाली की आजवर सुनेचा पगार दिसला, पण सुनेच्या कारखान्यातलं कुणी कधी या ओट्यावर बसलं नाही. धाडते. पण सगळ्या पोरी माहेरी गेल्यावर तुझं काम कोण करणार, ते सांग.

अपेक्षानं क्षणभर तिच्या हातांकडं पाहिलं. शपथेवर सांगतो, तोपर्यंत तिच्या मनात हे नव्हतं.

"आवं आत्ती," ती म्हणाली, "तुमी याल का?"

साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग चिडले, मग तयार झाले. दुसरा उपाय त्यांच्याकडंही नव्हता. अपेक्षानं कायद्याचं पुस्तक पुन्हा काढलं, वयाचे दाखले तपासले, डॉक्टरकडून तपासण्या करून घेतल्या, हंगामी कामगार म्हणून रीतसर नेमणुका केल्या.

जत्रेच्या सकाळी पहिली बस आली. मी नजर उचलायलाही धजत नव्हतो. दार उघडलं आणि सगळ्यात आधी बयाबाई उतरली, मागं तिची फौज. नऊवारीतल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या, लग्नघरी निघाल्यासारख्या नटूनथटून आलेल्या. सुना जत्रेला गेल्या होत्या आणि सासवा कामावर आल्या होत्या. आत तंबाखू, मिश्री चालत नाही म्हटल्यावर गेटवर मोठी लढाई झाली. शेवटी माझ्या टेबलावर मिश्रीच्या डब्यांचा ढीग लागला आणि प्रत्येकीनं आपली डबी नीट ओळखून ठेवायला मला बजावलं. पदराखाली जाळीची टोपी घालायला एकीनं साफ नकार दिला, तिला बयाबाईनं सरळ केलं. काम झोकात झालं असं मी म्हणणार नाही. हात हळू होते, तोंडं जोरात होती, सुपरवायझर पप्पूला त्यांनी दिवसभर पाणी आणायला पळवलं. पण टेबलं भरलेली होती. संध्याकाळी शेवटचा क्रेट रिकामा झाला तेव्हा वीरधवलसाहेब स्वतः खाली येऊन उभे होते.

तिथंच अपेक्षानं त्यांच्याकडं ती पत्रं मागितली. आपल्या नोकरीचं काही विचारलं नाही, आधी पत्रं. साहेबांनी खणातून आणून दिली, तिनं माझ्यासमोर फाडली. पक्क्या नेमणुकीचं पत्र तिला महिनाअखेर मिळालं. हरिबांना फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, मग राहा. स्थळाला त्यांनी त्याच आठवड्यात कळवून टाकलं.

पण मला सांगायची आहे ती जत्रेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. माहेरवाशिणी कामावर आल्या. हातात नव्या बांगड्या, डब्यात पुरणपोळ्या. रंगुबाईनं गेटवर थांबून एक पोळी माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, सासूबाई नीट वागल्या ना? मला राहवेना. हिचं नाव पहिल्या पत्रावर होतं, ही पोर हिच्यासाठी स्वतःची नोकरी पणाला लावून बसली होती, आणि हिला त्याचा पत्ताही नाही. मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून अपेक्षा आली आणि तिनं नुसती मान हलवली.

रंगुबाई आत गेल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, कळू दे की तिला, तू काय केलंस ते."

"नको काका. कळलं तर जन्मभर उपकार मानत बसेल. रजा तिचीच होती. मी कुठं काय दिलं?"

ती ऑफिसात निघून गेली. मी पोळी हातात धरून उभा राहिलो. फौजेत रजेसाठी मी कितीतरी वेळा साहेबांपुढं ताठ उभा राहिलो, आणि मिळाली की महिनामहिना त्यांचे उपकार मानले. ती माझीच होती, असं तिथं मला कुणीही कधी सांगितलं नव्हतं.