डॉक्टरांचा चष्मा

स्पिरिटचा वास आला की शहाद्याच्या त्या दवाखान्यातलं बाकडं आठवतं. आत आईचं ऑपरेशन चाललेलं, बाहेर वडील आणि मी. सिनेमात पेशंट गेला की डॉक्टर बाहेर येऊन चष्मा काढतात, एवढं वडिलांना पक्कं ठाऊक होतं. दार उघडलं. डॉक्टरांचा चष्मा डोळ्यांवरच होता. वडिलांनी त्यांना हात जोडले आणि माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "चष्मा काढा नही त्यासनी. तुन्ही माय वाचनी, पोरी!" मग डॉक्टरांनी हळूच चष्मा काढला. वडील हसतच राहिले, हात तसेच जोडलेले. आता मीही डॉक्टर आहे. अशी बातमी सांगायची असली की चष्मा आतच काढून ठेवते.